भाड्याच्या ड्रमांमागे

लग्नाच्या मांडवात, पहिली पंगत बसायच्या तोंडावर, मी नवरदेवाच्या मामाला सांगितलं की मुलीकडच्यांच्या पाण्यात अळ्या आहेत.

आणि ते खरं होतं. खोटं असतं तर माफी मागून सुटलो असतो. खरं बोललेल्या माणसाला सुटायला वाट नसते. आता हा प्रसंग मी स्वतःवर कसा ओढवून घेतला ते पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुम्ही कधी उन्हाळ्यात परभणीकडे गेलात तर निदान मांडवात तोंड बंद ठेवाल.

परभणी

मी डासांचा माणूस नाही, गणिताचा आहे. डास चावला की कळतो, त्यापलीकडे आमची ओळख नाही. पुण्यातल्या एका संस्थेत आम्ही काही जण संगणकावर एक नकाशा चालवतो. त्या नकाशात मलेरिया पसरवणारी एक डासीण आफ्रिकेतल्या बंदरावर उतरते, आणि ती पुढे कुठल्या शहरात कधी पोचेल याचा आम्ही अंदाज बांधतो. ही डासीण मूळची तिकडची नव्हे. आपल्याकडची आहे. बोटीबिटीतून कधीतरी तिकडे गेली आणि नांदायला लागली. तिकडच्या जुन्या डासांना पावसाची डबकी लागायची, त्यामुळे उन्हाळ्यात शहरांना जरा उसंत मिळे. हिला मात्र माणसानं साठवलेलं पाणी आवडतं. टाकी, हौद, ड्रम, काहीही चालतं. म्हणजे भर उन्हाळ्यात, भर वस्तीत हिचा संसार थाटलेला. म्हणून तिकडचे डॉक्टर काळजीत आहेत, आणि आम्ही नकाशे काढतो.

अडचण एकच होती. एका गावातून दुसऱ्या गावी ही जाते कशी? स्वतःच्या पंखांवर ती फार लांबचा पल्ला मारत नाही. आम्ही नकाशात मोठे रस्ते घातले, लहान रस्ते घातले, वारा घातला, तरी बाईसाहेब आमच्या अंदाजाच्या आधी हजर. शेवटी आमच्यातल्या कीटकतज्ज्ञ बाई वैतागून म्हणाल्या, "तिच्या माहेरी जाऊन बघा ना कुणीतरी, ती घराबाहेर कशी पडते ते." मी आफ्रिकेला जायला उत्सुक होतो. संस्था मला परभणीला पाठवायला उत्सुक होती.

परभणीत मी उतरलो मन्मथअप्पांकडे. एका सहकाऱ्याच्या ओळखीतले. लिंगायत गृहस्थ, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, आवाज असा की घरबसल्या हाक मारली तर गल्लीच्या टोकाची उधारी वसूल व्हावी. त्यांचा मांडव-भांड्यांचा धंदा आहे. कनाती, सतरंज्या, कढया, झारे आणि निळे प्लास्टिकचे ड्रम भाड्यानं देतात.

सकाळी अप्पा पूजेला बसले होते. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन, डोळे मिटून, संथपणे पाणी घालत होते. शेजारी पाण्याचा तांब्या. मी डासांच्या कामावर होतो, त्यामुळे दबक्या पावलानं जाऊन त्या तांब्यात डोकावलो. अप्पांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, परत मिटला. पूजा झाल्यावर भस्म लावत म्हणाले, "सर, त्यो तांब्या रोज घासून ताजा भरतेत घरात. देवाच्या पान्यात काय हुडकायलाव? आधी सुशीला खावा."

सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, कांदा-मिरचीत परतलेला नाश्ता. पुण्यात पोह्यांना जे स्थान आहे ते इथे सुशीलेला. मी पहिल्यांदा "सुशीला कुठे आहेत?" असं विचारलं होतं. त्याबद्दल अधिक काही लिहीत नाही.

नाश्त्यानंतर गोदाम. पत्र्याची मोठी शेड, बाहेरच्या उन्हापेक्षा आतलं ऊन अधिक. एका लग्नाहून ड्रम नुकतेच परत आले होते. एकाच्या तळाशी पसाभर पाणी होतं, आणि त्यात काहीतरी बारीक, लांबट, तपकिरी. सापडली! फोटो काढून पुण्याला बाईंना पाठवला. लगेच उत्तर आलं, "ते जिरं आहे."

दुसऱ्या ड्रममध्ये मात्र जिरं हलत होतं. पाण्याच्या वरच्या थराला लागून, आडवं. साध्या डासाची अळी डोकं खाली करून तिरकी लटकते. मलेरियाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी पडते, उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून निजलेल्या माणसासारखी. नेमकी आमचीच डासीण की तिच्या भाऊबंदांपैकी कुणी, ते भिंगाखाली बघितल्यावरच कळतं, पण घराणं बरोबर होतं.

"अप्पा, ड्रम परत आल्यावर हे उरलेलं पाणी ओतून नाही देत?"

"एप्रिलात?" अप्पा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी ड्रमच फोडायला सांगितला होता. "अवो सर, लोकायला प्यायला पानी न्हाई. हितं रस्त्यावर पानी वतलं तर बायका मला जोड्यानं हानतील. हाय तसा ड्रम टेम्पोत घालायचा, फुडच्या लग्नाला उतरवायचा. तितं त्याच्यावरच भरतेत."

"आणि हे लग्न कुठलं होतं?"

"गंगाखेडकडचं. त्याच्या आधी सेलूकडं. आता पिंगळीकडं. लग्नसराई हाय, ड्रमाला बसायला येळ कुठंय?"

मी तिथेच एका उपड्या कढईवर बसलो. आमच्या नकाशात बंदरं होती, महामार्ग होते, वारा होता. भाड्याचे ड्रम नव्हते. लग्नाचे मुहूर्तही नव्हते.

"उद्या पिंगळीच्या लग्नाला चला," अप्पा म्हणाले. "ड्रम बगा, जेवून या."

पिंगळीजवळची वस्ती

काही ड्रम आधीच तिकडे जाऊन टँकरच्या पाण्यानं भरले होते. उरलेले आमच्या टेम्पोत. अप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. पाणी हिंदकळतं कसं ते बघायचं म्हणून मी हट्टानं मागे ड्रमांमध्ये बसलो. कसं हिंदकळतं ते मला नीट कळलं. रस्ता सोडून टेम्पो वस्तीच्या कच्च्या वाटेला लागला आणि एका खड्ड्यात एका ड्रमानं आपलं सगळं उरलंसुरलं पाणी माझ्या मांडीत रिकामं केलं. त्यामुळे लग्नघरी मी उतरलो तो पँट पुढून ओली घेऊन.

सगळ्यात आधी माझं स्वागत केलं ते मुक्ताबाईंनी. मुलीची आई. शेळ्या-मेंढ्यांचं घर, थोडी कोरडवाहू जमीन, आणि आज थोरल्या लेकीचं, अनिताचं लग्न. त्यांनी माझ्या पँटकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि एकही प्रश्न न विचारता नवऱ्याचं धुतलेलं धोतर आणून माझ्या हातात दिलं. मला धोतर नेसता येत नाही. त्यांच्या नवऱ्यानं मला एका मेंढीसारखं दोन गुडघ्यांत धरून ते नेसवलं.

पुण्यातल्या लग्नात हॉलच्या कोपऱ्यात बंद बाटल्या रचून ठेवलेल्या असतात. पाणी कुठून आलं हे कुणाला ठाऊक नसतं. इथे प्रत्येकाला ठाऊक होतं. टँकर काल येऊन गेला होता, पुढचा परवा. विहिरीत वाकून बघितलं तर दगड दिसत होते. मांडवाच्या कडेला ओळीनं मांडलेले निळे ड्रम, तेवढं या लग्नाचं पाणी. स्वयंपाकाला, पंगतीला, वऱ्हाडाला, आणि मेंढ्यांनाही त्यातलंच. मुक्ताबाई मांडवात कुठेही असल्या तरी त्यांची नजर त्या ओळीवर होती.

हे सगळं मला माहीत होतं, हे लक्षात ठेवा. माहीत असून मी पुढे जे केलं ते केलं.

अक्षता पडल्या. चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती, बुंदीचा वास सुटला होता. मी धोतर सावरत एका भरलेल्या ड्रमापाशी गेलो, झाकण सरकवलं, बॅटरी मारली आणि सोबत आणलेल्या पांढऱ्या पळीत पाणी घेतलं. आडवी अळी. आणि एक. आणि एक.

"काय बगायलाव पाव्हणं?" मागून कुणीतरी विचारलं. फेटा, पांढरी मिशी, खिशात चष्म्याची डबी.

आता बघा, मी काय करतो हे मला वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं नाही. माझ्या बायकोनं लग्नानंतर एकदा विचारलं होतं, उत्तर अर्ध्यावर असताना ती झोपली. इथे हा भला माणूस आपण होऊन विचारत होता! मी त्याला सगळं सांगितलं. आफ्रिका, बंदर, नकाशा, ड्रम. पळी त्याच्या नाकापाशी नेली. "ही बघा. पातळीला समांतर. सुंदर आहे की नाही?"

"ह्येच पानी पंगतीला हाय का?"

"हो, हेच!" मी आनंदानं म्हणालो.

तो नवरदेवाचा मामा होता. पूर्ण्याचा, रेल्वेतून रिटायर झालेला, आणि वऱ्हाडात त्याचा शब्द शेवटचा.

वऱ्हाड उठून गेलं नाही, पण पंगतीलाही बसेना. पत्रावळ्या मांडलेल्या, समोर माणसं उभी. मामा मांडवाच्या मधोमध म्हणत होता, "आमी किड्याचं पानी पिऊन जायचं व्हय? ही इज्जत केली आमची? पुण्याहून साहेब आलाय, त्यो सांगायलाय!"

पुण्याहून आलेला साहेब धोतराचा सोगा हातात धरून उभा होता.

मुक्ताबाई चुलीपासून आल्या. आवाज चढवला नाही. "सर, काय म्हणलाव तुमी?"

मी जे म्हणालो ते परत म्हणालो.

"पानी प्यायला वाईट हाय का?"

"तसं बघितलं तर यात दोन मुद्दे आहेत—"

"एकच सांगा. ह्या किड्यानं मलेरिया हुतो का, पोटात गेला तर?"

"अळीनं होत नाही. आधी अळीची डासीण व्हायला हवी, मग तिनं एका आजारी माणसाला चावायला हवं, मग काही दिवस जाऊन तिनं दुसऱ्या—"

"व्हय का न्हाई?"

"नाही."

"मग प्या."

त्यांनी एक कोरं धोतर दुहेरी घडी करून घागरीच्या तोंडाला बांधलं, ड्रमातलं पाणी त्यातून गाळलं आणि सगळ्यांदेखत पेला भरून माझ्यापुढे धरला. मी प्यायलो. मेंढीला औषध पाजून ती उभी राहते का आडवी होते हे बघत थांबावं, तसं अख्खं वऱ्हाड थांबलं.

"त्याला काय हुतंय," मामा म्हणाला. "पुण्याचं पानी पचवलेला गडी त्यो."

मुक्ताबाईंनी दुसरा पेला भरला. मी तोही प्यायलो.

"बरं," मामा शेवटी म्हणाला. "ह्याला माज्या शेजारी बसवा. जेवन हुस्तोवर काय हुतंय ते कळंल."

अशा रीतीनं मी वराकडच्या पहिल्या पंगतीत, मामाच्या डाव्या हाताला, नजरकैदेत जेवलो. वांग्याची भाजी अप्रतिम होती. ठेचाही होता, आणि पुणेकरानं तो जपून खायला हवा होता. मला जोराचा ठसका लागला. सगळ्या पंगतीचे हात घास घेतलेल्या जागी थांबले.

"ठेचा!" मी डोळे पुसत ओरडलो. "ठेचा आहे, ठेचा!"

हळूहळू हात परत चालू झाले. मामानंही पाण्याचा पेला उचलला, त्यात बराच वेळ बघितलं, आणि प्यायला.

पंगती उठल्यावर मुक्ताबाईंनी ते गाळायचं धोतर माझ्यापुढे झटकलं. "ही घ्या तुमची लेकरं." मी कापडावरच्या अळ्या बाटलीत गोळा करत असताना त्या तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पंगत निभावली सर. पर माज्या पोरीला तितं जल्म काढायचाय. कुनी काई बोललं की हेच काढतील, 'अळ्याच्या पान्याची आली.' मी काय करू त्याला?"

लेकीला निरोप द्यायला बायका तिकडे गोळा व्हायला लागल्या होत्या आणि ही बाई माझ्यापाशी उभी होती, हे मला फार लागलं.

"उद्या हेच ड्रम पूर्ण्याला जायलेत, मुलाकडच्या जागरनाला," त्या म्हणाल्या. "तुमी बी जा. तुमी बिघडवलंय, तुमीच मामाला नीट सांगा. आनि मला फोन करा."

पूर्णा

पिंगळीहून पूर्णा पॅसेंजरनं. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली, मोकळी रानं आणि दूरवर एखादं निंबाचं झाड, खाली मेंढ्यांचा गोल. उन्हाचा कंटाळा यायच्या पलीकडे गेलं की त्या रानाकडे बघत राहावंसं वाटतं. मी गाडीत भाषण तयार केलं. सुरुवात 'मामासाहेब, विज्ञानाच्या दृष्टीनं' अशी होती.

नवरदेवाचं घर रेल्वे वसाहतीच्या पलीकडे. अंगणात सिमेंटचा हौद, त्याच्या कडेला टेम्पोनं नुकतेच पोचलेले अप्पा आणि त्यांचे उतरवलेले ड्रम. संध्याकाळी खंडोबाचं जागरण होतं, त्याची लगबग चाललेली. मामा बाजेवर बसून शेजाऱ्यांना कालची हकीकत सांगत होता. काल तांदळाच्या दाण्याएवढीही नसलेली अळी आज त्याच्या बोटाएवढी झाली होती. एका रात्रीत एवढी वाढ आमच्या कुठल्याच समीकरणात बसत नाही.

मला बघून तो खुलला. "या, या! ह्येच ते साहेब. इचारा ह्यांनाच!"

मी म्हणालो, आधी हातपाय धुतो. हौदापाशी गेलो, वाकलो, आणि थिजलो. हौदाच्या कडेकडेनं आडव्या अळ्या, कालच्यापेक्षा दाट. आमच्या ड्रमांतल्या नव्हेत. ड्रम तर आत्ताच आले होते. या जुन्या, इथल्याच, कदाचित आधीच्या कुठल्या लग्नातून मुक्कामाला आलेल्या.

मनात पहिला विचार आला तो विजयाचा. आता सांगतो मामाला! दुसरा विचार जरा उशिरा, पण आला. मी बोललो तर या घराची शोभा होणार, आणि बोलणारा माणूस कुणाकडून आलेला? सुनेच्या माहेराकडून. सगळं परत तिच्याच डोक्यावर. मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या बुद्धीनं.

पण चेहऱ्याचं काय करणार. अनिता कळशी भरायला हौदावर आली होती, हातात हिरवा चुडा, डोक्यावर पदर. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मी जिथे बघत होतो तिथे, हौदात पाहिलं.

"आत्याबाई," तिनं सासूला हाक मारली. आवाज अगदी अदबीचा, पण अंगणभर पोचेल असा. "हौदात बी कालच्यासारख्याच हायत. मामायला पानी गाळून देऊ, का असंच देऊ?"

बाजेवरचं बोलणं बंद पडलं. सासू पदराला हात पुसत आली, हौदात वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. हसत होती. "अगं माय! दादा, इकडं या. तुमच्या बोटाएवढ्या बगा हितं!"

मामा उठला, चष्म्याची डबी उघडली, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. "ह्या बारक्या हायत," तो म्हणाला.

"कालच्या बी एवढ्याच हुत्या मामा," अनिता म्हणाली. शेजारी हसले, नवरदेव हसला, आणि मग मिशीतल्या मिशीत मामाही. "गाळून दे बाई," तो म्हणाला. "दोनदा गाळ."

सासूनं सुनेच्या हातातली कळशी घेतली आणि दोघी मिळून कापड बांधायला लागल्या. ते बघून मला एकदम मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटलं की मी बोलतो. "याच्यावरून एक फार महत्त्वाचा मुद्दा—" एवढं मी म्हणालो असेन. अप्पांनी माझी बाही ओढली. "सर, च्या प्या. गार व्हायलाय."

चहा पिता पिता अप्पांशी मात्र बोललो. दोन लग्नांच्या मध्ये ड्रमातलं उरलेलं पाणी जनावरांना पाजायचं, आतून घासायचं आणि ड्रम उन्हात उपडे ठेवायचे, एवढंच. अप्पा कुरकुरले, मुहूर्ताला मुहूर्त लागून असतात म्हणाले, पण मेंढ्यांना पाणी जाणार हे त्यांना पटलं. आफ्रिकेतल्या सहकाऱ्याला मी तिथूनच विचारलं, तुमच्याकडे लग्नाला ड्रम भाड्यानं आणतात का. त्याचं उत्तर आलं, आणतात की, तुला कुणी सांगितलं नाही? आता आमच्या नकाशात लग्नसराई आहे. डासीण बऱ्यापैकी वेळेवर पोचायला लागली आहे.

पूर्ण्याच्या फलाटावरून मुक्ताबाईंना फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं.

"पोरगी हसली का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ती नाही हसली. बाकी सगळ्यांना हसवलं. सासूबाई तर अजून हसतायत."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. मागे मेंढ्या ओरडत होत्या. "मग बरं," त्या म्हणाल्या. "मग लय बरं झालं."

मला धीर आला. "मुक्ताबाई, पावसाळ्यानंतर एकदा परत येऊ का? तुमच्याकडचं पाणी बघायला?"

"या की. धाकटीचं बी जमायलंय तवर. फकस्त येताना तोंड पुण्यालाच ठिवून या."